खणायची जागा

आमच्या अप्पांनी आयुष्यात शेती कमी आणि शेतीचे जोडधंदेच जास्त केले. मी जन्मायच्या आधी त्यांनी सफेद मुसळी लावली होती. ती काढायला आली तोवर घेणारा व्यापारी दुकानाला कुलूप लावून पसार झाला होता. मग कोरफड झाली, ससे झाले. मी रांगत होते तेव्हा इमू आले. इमू म्हणजे शहामृगाचा धाकटा भाऊ. त्याच्या तेलानं गुडघे बरे होतात असं कुणीतरी अप्पांच्या डोक्यात भरवलं होतं. त्या आठ पक्ष्यांनी अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, अख्खं अंगण पळवलं आणि शेवटी ते जाळी तोडून कर्नाटकात गेले. आमच्या तोरंबीपासून कर्नाटकाची हद्द दोन कोसांवर आहे, त्यामुळे त्यांना फारसे कष्ट पडले नाहीत.

मी शाळेत असताना हुरडा पार्टीचं खूळ आलं. शहरातली माणसं गाड्या घेऊन यायची, हुरड्याचे चार दाणे तोंडात टाकायची आणि पोरांसाठी नूडल्स आहेत का म्हणून विचारायची. त्यानंतर सोलर आलं, ते गारपिटीनं फोडलं. दर वेळी अप्पा म्हणायचे की एका ज्वारीवर किती दिवस काढायचे, रानाला दुसरं काहीतरी सुचायला पाहिजे. आणि दर वेळी अव्वा म्हणायची, "ह्यांच्या रानात ज्वारी सोडून समदं पिकतंय."

हे सगळं सांगायचं कारण असं की पुढं जे झालं ते आमच्यावर कुणी लादलं असं लोकांना वाटतं. तसं नाही. ग्रामसभेत काजळीसाठी सगळ्यात आधी हात वर केला तो चनबसप्पा उंबरग्यांनी, म्हणजे अप्पांनीच. आणि त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हो म्हणणारी मी होते, नीलांबिका, त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न करून गेले होते, तीन वर्षांत ते मोडून परत आले होते आणि रान मीच बघत होते.

काजळी ही एक बुरशी आहे. जळालेल्या जंगलाच्या मातीत ती कुणाला तरी सापडली आणि प्रयोगशाळेत तिची एक सवय वाढवण्यात आली. तिचे तंतू केसाहून बारीक असतात. ते गवताच्या मुळांना बिलगून राहतात. गवत हवेतला कर्ब घेऊन साखर करतं, त्यातली थोडी या तंतूंना देतं आणि बुरशी त्या साखरेचा काळा, टणक लेप करून स्वतःच्या अंगावर चढवते. हा लेप मातीतल्या कुठल्याच किड्याला पचत नाही. म्हणजे जो धूर हवेत जायचा, तो जमिनीत जाऊन बसतो आणि बसून राहतो. जगाला तेव्हा याची फार निकड होती. उन्हाळे असह्य झाले होते आणि जो कारखाना धूर सोडेल त्यानं तेवढाच कर्ब कुठंतरी पुरून दाखवला पाहिजे असा कायदा झाला होता. तो पुरायला जमीन पाहिजे होती. जमीन आमच्याकडे होती.

अट एकच होती, पण तिच्यात सगळं आलं. काजळीला उपाशी ठेवायचं. तिला नत्र मिळालं नाही की ती साठवत बसते. खत, शेण, मेलेलं जनावर असं काही तिच्या वाट्याला आलं, की ती साठवणं सोडून खायला लागते. आधी आलेलं खाते, मग स्वतःचा काळा लेप खाते, मग ज्या मुळांनी तिला पोसलं ती मुळं. आणि हे एका जागेपुरतं राहत नाही. बांध कुणाचा, सातबारा कुणाचा हे बुरशीला कळत नाही. तिचे तंतू एकमेकांत मिसळून सगळ्या शिवाराची मिळून एकच काजळी होते आणि एका टोकाला खाणं सापडल्याची खबर आतल्या आत दुसऱ्या टोकाला पोचते. म्हणून खत नाही. खत नाही म्हणून पीक नाही. फक्त एक राठ गवत, ज्याला म्हैससुद्धा तोंड लावत नाही. नांगर नाही, विहीर नाही, कुंपणाला डांब नाही. वीतभर खोलीपर्यंत चालतं, त्याच्या खाली चाळीस वर्षं लोखंड लावायचं नाही. त्रेचाळीस घरांनी सह्या केल्या. गावचं गायरानसुद्धा त्यात गेलं.

सह्यांच्या आधी जमीन बघायला काजळीच्या कंपनीचे तांबोळी नावाचे सर्व्हेअर आले. चाळिशीचा, मऊ बोलणारा, बोलताना हातातली टोपी फिरवणारा माणूस. आमच्या रानात पूर्वेच्या बांधाला कडुनिंब आहे, त्याच्या सावलीत ते थांबले. तिथं अव्वा आहे.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही करत नाहीत. मांडी घालून बसवतात, आपल्याच रानात. पुरुषभर खोल खड्डा, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग, कपाळभर विभूती, भोवती बेल आणि मीठ. अव्वा त्याच्या दोन वर्षं आधी गेली होती. तिचा खड्डा खणताना अप्पा काठावर उभे होते. खणणाऱ्यांना ते म्हणाले होते, "डाव्या अंगाला जागा सोडा." ती जागा कुणाची हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं आणि कुणी विचारलं नव्हतं.

तांबोळींनी समाधीला हात जोडले. मग समजावून सांगितलं की काळजी करू नका, हिच्याभोवती आम्ही जमिनीत पत्र्याचं खोल कडं दाबून बसवतो, म्हणजे काजळी आत जाणार नाही. दोन मिनिटांचं काम आहे. आणि मग टोपी फिरवत त्यांनी विचारलं, "कडं एवढंच घालू, की शेजारी अजून जागा सोडू? पुढच्या चाळीस वर्षांत इथं काही खणायचं असेल तर आत्ताच सांगा. एकदा बुरशी बसली की मग कडं घालता येत नाही. पत्रा दाबताना तंतू तुटतात, कुजतात, आणि ते कुजलेलंच तिला खाद्य होतं."

आम्ही चौघं होतो. अप्पा, मी, तांबोळी आणि बांधाला बांध लागून असलेले मडिवाळप्पा हत्तुरे, ज्यांना मी काका म्हणते. प्रश्न इतका सरळ होता. मी अप्पांकडे पाहिलं. ते पासष्टीचे, धडधाकट, सकाळीच चार भाकरी खाऊन आलेले. ते कडुनिंबाच्या शेंड्याकडे बघत होते. काका बांधावरचं गवत उपटत होते. जिवंत बापासमोर उभं राहून परक्या माणसाला सांगायचं, की होय, इथं आमच्या अप्पांना पुरायचं आहे, चार हात सोडा? माझ्या जिभेला ते पेलवलं नाही. असं अभद्र कुणी बोलतं का? आणि अप्पांना वाटत होतं की हे लेकीनं सांगायचं असतं. बापानं आपल्या तोंडानं आपली जागा मागायची नसते.

"न्हाई," मी म्हणाले. "काही खणायचं न्हाई."

तांबोळींनी लिहून घेतलं. मग ते कडं बसलं. अव्वापुरतं, नेमकं.

पहिली काही वर्षं चांगली गेली, हे कबूल केलं पाहिजे. गावाला सुख लागलं. पावसाकडे बघायची गरज उरली नाही, दर तीन महिन्यांनी कंपनीचं भाडं यायचं. मडिवाळप्पा काकांची नात डॉक्टरकीला गेली. आमच्या घरावर स्लॅब पडला. अप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, ज्वारीवर ते कधी झालं नसतं. शिवारात काजळी सोडायच्या आधीच ठिकठिकाणी हातभर लांबीच्या खुंट्या रोवल्या होत्या, त्या मातीतला ओलावा आणि हालचाल टिपायच्या. त्यांवर लक्ष ठेवायचं काम मला मिळालं. पदाचं नाव होतं पट्टा-राखणदार. कुठं कुणी खोल खणलं तर माझा फोन वाजणार आणि मी कंपनीला कळवायचं. काही दिवस तर पाहुणेही यायला लागले. शहरातली माणसं बूट काढून गवतावर चालायची, डोळे मिटून मातीची शांतता ऐकायची आणि आम्हाला नशीबवान म्हणायची. अप्पांनी लगेच त्यांच्यासाठी ताकाची टपरी टाकली. तो त्यांचा शेवटचा जोडधंदा.

पण पाहुण्यांना शांततेचा कंटाळा आला आणि टपरी बंद पडली. मग अप्पांना काही उरलं नाही. सकाळी उठून ते बांधावर जायचे आणि बसायचे. हाताला सवय होती, म्हणून खिशातल्या विळ्यानं बाभळीची काटकी तासत राहायचे. सगळ्या गावाचे म्हातारे असे आपापल्या बांधावर बसलेले दिसायचे, मालक असून पाहुण्यासारखे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, कारण आता तर आराम होता. आराम करणं त्यांना जमत नव्हतं.

पाचव्या वर्षी एका दुपारी मी खुंट्या तपासत असताना अप्पा कडुनिंबाखालून मला म्हणाले, "नीलव्वा, तवा त्या माणसाला तू न्हाई म्हणलीस. माझ्या ध्यानात हाय. पर माझ्या जागेचं काय?"

पाच वर्षं हा माणूस ते पोटात ठेवून बसला होता. मी म्हणाले की विचारते, काहीतरी मार्ग निघेल. त्याच संध्याकाळी तांबोळींना फोन केला. ते म्हणाले की ताई, तेव्हा सांगितलं असतं तर कडं चार हात मोठं केलं असतं, पत्रा गाडीत पडूनच होता. आता नाही होत. मी कंपनीला अर्ज केला, दोनदा केला. दोन्ही वेळा मोठ्या अदबीनं नकार आला. कंपनीला माझी कीव आली असावी, कारण दुसऱ्या पत्रासोबत त्यांनी एक रंगीत पुस्तिका पाठवली होती, काजळीचं जीवनचक्र नावाची.

आपण अव्वाच्याच कड्यात त्यांना बसवू, असंही मी आमच्या रेवणय्या स्वामींना विचारून पाहिलं. ते म्हणाले, बसलेल्याला उठवत नाहीत बाई. आणि ते खरंच होतं. तेवढ्या कड्यात दुसरा माणूस बसवायचा तर आधी अव्वाला हलवावं लागलं असतं.

तरीही मी मनात म्हणायचे की एवढंसं कडं, चार हात जमीन, एका माणसानं काय होणार आहे. कोरळीचं झालं आणि ते म्हणणंही संपलं.

कोरळी आमच्यापासून सात कोसांवर. तिथंही काजळी होती. एका म्हाताऱ्याचा बैल मेला. काम नसताना नुसता जीव लावून पाळलेला शेवटचा बैल. म्हाताऱ्यानं त्याला सवयीनं आपल्या रानात पुरलं. राखणदार त्याचा पुतण्याच होता, त्यानं कळवलं नाही. सात आठवड्यांत सहाशे एकर राखाडी झाले. मी आणि मडिवाळप्पा काका बघायला गेलो. गवत हातात धरलं की अलगद वर यायचं, खाली मूळ नसायचंच. मातीला कुबट, आंबलेला वास येत होता. भाडं तर बंद झालंच. काहींनी वैतागून ज्वारी पेरली, ती बोटभर वर आली आणि तिचीही मुळं खाल्ली गेली. किती वर्षं असं राहील हे कुणाला सांगता येत नव्हतं. ज्या म्हाताऱ्याचा बैल होता तो घराबाहेर येत नव्हता आणि गावातलं कुणी त्याच्या घरात जात नव्हतं. परतीच्या वाटेत काका एकदाच बोलले. म्हणाले, "बैलाचं एवढं, तर माणसाचं किती." ते मला उद्देशून होतं की नुसतंच, हे मला आजही माहीत नाही.

त्यानंतर गावात जो कुणी गेला त्याला तालुक्याला न्यायची पद्धत पडली. तिथं समाजानं एमआयडीसीच्या मागं एक जागा घेतली आहे. खाली सगळा खडक. कमरेइतकं खणलं की पहार वाजते. तेवढ्या खड्ड्यात माणूस बसत नाही, म्हणून आडवा करतात. वर नंबराची पाटी. काकांचे थोरले भाऊ गेले तेव्हा अप्पा तिथं माती द्यायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी अंघोळ केली, जेवले नाहीत. म्हणाले, "नागप्पाला निजवला गं. जल्मात कधी दिवसा निजला न्हवता त्यो."

अकराव्या वर्षी अप्पांचं हृदय पुन्हा कुरकुरायला लागलं आणि डॉक्टरांनी या खेपेला हात वर केले. एका सकाळी माझा फोन वाजला. खुंटी सतरा. मला नंबर बघायची गरज नव्हती, सतरा म्हणजे कडुनिंब. मी चपला न घालता पळाले.

अप्पा अव्वाच्या डाव्या अंगाला बसले होते. खोऱ्यानं त्यांनी गवताची साय काढली होती आणि वीतभर खोल, मांडी मावेल एवढी गोल जागा केली होती. त्यात ते मांडी घालून बसले होते, ताठ, तळहात गुडघ्यावर. घामानं सदरा भिजला होता. माझ्या आधी काका पोचले होते आणि बांधावर उभे होते. त्यांच्या मागं अजून चारपाच जण. कुणी आत पाऊल टाकत नव्हतं.

"अप्पा, उठा," मी म्हणाले.

"बसून बघतोय. पुरतीय का."

मी त्यांच्या समोर गवतात बसले. मला रडायला येत होतं आणि त्याच वेळी माझी नजर त्यांनी किती खोल खणलंय हे मोजत होती. राखणदाराची नजर. त्या क्षणी मला स्वतःची शिसारी आली. वीतभरच होतं. वीतभर चालतं. बुरशी त्याच्या खाली असते.

"पुरतीय," ते म्हणाले. मग त्यांनी बांधावरच्या माणसांकडे एकेक करून पाहिलं. "मडिवाळ, भिऊ नको. वीतभरच हाय. मी कोरळीचा न्हाई."

काकांनी मान खाली घातली. अप्पा उठले, गुडघ्यावर बसले आणि काढलेलं गवत त्यांनी परत जागेवर लावलं, कडेनं माती भरली, तळव्यांनी दाबून बसवली. मला हात लावू दिला नाही. शेवटी उभं राहताना मात्र त्यांना माझा खांदा धरावा लागला. नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मी कंपनीला अहवाल दिला: खुंटी सतरा, रानडुक्कर, वरवरचं उकरणं, धोका नाही.

मार्गशीर्षात अप्पा गेले. दुपारी जेवून भिंतीला टेकून बसले होते, तसेच गेले. आमच्यात हे चांगलं मानतात, बसल्या बसल्या जाणं. स्वामी आले. अंघोळ घालून, विभूती लावून त्यांना ओसरीवर बसवलं. हातात इष्टलिंग दिलं. गाव जमलं. त्रेचाळीस घरांचा एकेक कर्ता माणूस अंगणात उभा होता. पूर्वी कुणी गेलं की निम्मे लोक खोरी-टिकाव घेऊन रानाकडे निघायचे, निम्मे मयताला बसवून न्यायचं विमान सजवायला लागायचे, विचारावं लागायचं नाही. इथं सगळे माझ्याकडे बघत होते.

शेवटी मडिवाळप्पा काका पुढं आले. म्हणाले, "नीला, चनबसूचं रान हाय. तू म्हणशील तसं करायचं. आम्ही कुणी आड येणार न्हाई."

ते खोटं बोलत नव्हते. मी 'कडुनिंबाखाली' असं म्हणाले असते तर त्यांनीच पहिला टिकाव मारला असता आणि सात आठवड्यांनी त्यांचं रान राखाडी झालं असतं. नातीची फी थांबली असती. इतर बेचाळीस घरांचंही तेच. आणि तरी ते नाही म्हणाले नसते. कारण मेलेल्याच्या दारात उभं राहून त्याला जागा नाही म्हणणं हेही आमच्यात कुणाला जमत नाही. अकरा वर्षांपूर्वी खरं ते जसं माझ्या तोंडून निघालं नाही, तसं आज त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. बोलायचं ते पुन्हा मलाच होतं.

मी अप्पांकडे पाहिलं. ताठ बसले होते, त्या सकाळी बसले होते तसे.

"तालुक्याला न्या," मी म्हणाले.

अंगणात एकदम श्वास सुटल्याचा आवाज झाला. त्यांनी तो लपवायचा प्रयत्न केला, पण एवढ्या माणसांचा श्वास लपत नाही. मला तेव्हा त्या सगळ्यांचा द्वेष वाटला. काकांचासुद्धा. दोन दिवस वाटला, मग कमी झाला, पूर्ण गेला नाही.

तालुक्याला अप्पांना आडवं केलं. पाटीचा नंबर दोनशे अठ्ठ्याण्णव.

यावर्षी कंपनीनं मला नवीन काम दिलं. नवीन गावं जोडताना तांबोळींसोबत जायचं आणि लोकांना त्यांच्या बोलीत समजावून सांगायचं. मी घेतलं. रान तर आहेच, त्यात मला करण्यासारखं काही नाही. शिवाय एक विचार मनात होता. फॉर्मवर आता एक नवा प्रश्न छापलेला असतो, माझ्या अर्जांमुळेच तो आला असं तांबोळी म्हणतात: मृतांसाठी जागा राखायची आहे का. मला वाटलं, तो प्रश्न मी नीट विचारीन. जे आमचं झालं ते निदान पुढच्यांचं होऊ देणार नाही. एवढं तरी आपल्या हातात आहे.

गेल्या आठवड्यात बेलकुंडीला गेलो. वीरभद्र नावाचा माणूस, माझ्याच वयाचा. त्याचे वडील काठी टेकत सोबत आले होते. चिंचेखाली त्याच्या आईची समाधी होती. गाडीत पत्रा होता, मी मुद्दाम दोन कड्यांपुरता घ्यायला लावला होता. तांबोळींनी प्रश्न वाचला. वीरभद्रानं वडिलांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे नजर फिरवली. म्हातारा चिंचेच्या शेंड्याकडे बघू लागला. ते शेंड्याकडे बघणं मला ओळखीचं होतं.

"नाही," वीरभद्र म्हणाला.

"थांबा," मी म्हणाले. "मी पण तुमच्यातलीच. मीही असंच न्हाई म्हणाले होते. माझ्या अप्पांना आडवं करावं लागलं. आत्ता बोला. आजोबांना पुढं कुठं बसवणार?"

वीरभद्राचा चेहरा काळवंडला. तो ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला की बाई, बाप माझ्या शेजारी उभा आहे, हातपाय चालतायत, तुम्ही त्याच्या तोंडावर हे काय बोलता? तुमच्या घरी असं बोलतात का? मी म्हाताऱ्याकडे वळले. म्हणाले की आजोबा, तुम्ही तरी सांगा, पत्रा गाडीत आहे, दोन मिनिटांचं काम आहे.

म्हाताऱ्यानं आधी मुलाकडे पाहिलं. मुलाची मान शरमेनं खाली गेली होती. मग तो मला म्हणाला, अगदी मायेनं, जणू चूक माझीच होती आणि ती त्यानं माफ केली होती, "काही नाही बाळ. लिही तू नाही म्हणून."

सही करायला त्यानं काठी मुलाच्या हातात दिली. सही करून होईपर्यंत एकदाच त्याची नजर चिंचेखाली गेली, समाधीच्या डाव्या अंगाला. तिथं नुकतंच कुणीतरी झाडून ठेवलं होतं.

तांबोळी माझ्याकडे बघत थांबले होते. फॉर्म माझ्या हातात होता. अक्षर माझं चांगलं आहे, लहानपणी अप्पांनी पाटीवर गिरवून घेतलेलं. त्या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात 'नाही' लिहिलं आणि आम्ही पुढच्या रानाकडे निघालो.